मॉलमधली बाकडी

खांद्यावरचा टॉवेल काढायचा, बाकड्यावर दोनदा फटकारायचा, धूळ असो वा नसो, आणि समोरच्याला म्हणायचं, "बसा की. घाई काय हाय?"

हे एखाद्या रसवंतीवाल्याने म्हटलं असतं तर त्यात नवल नव्हतं. पण म्हणणारा माणूस एका तीन मजली मॉलचा मालक होता. मॉलच्या मालकाने लोकांना बसवायचं नसतं, फिरवायचं असतं, एवढं माझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईलाही कळत होतं. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. पटत नव्हतं.

तुम्ही नगर रस्त्याने कधी गेला असाल तर शिक्रापूरच्या चौकात अडकला असालच. तिथं न अडकता गेलेला माणूस मला अजून भेटायचाय. अडकलं की माणूस आधी पुढच्या ट्रककडे बघतो, मग फोनकडे, आणि दोन्हींचा कंटाळा आला की आजूबाजूला. तेव्हा तुम्हाला निळ्या काचांची एक मोठी इमारत दिसली असेल आणि मनात आलं असेल, ही इथं कोणी बांधली? आप्पांनी बांधली. दर्शनी भागावर इंग्रजीत भलंमोठं नाव होतं. त्यातली काही अक्षरं वाऱ्याने खाली आली आणि उरलेल्यांचा काही अर्थ लागत नव्हता. लोक पहिल्यापासून आप्पांचा मॉलच म्हणायचे, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

माझं दुकान पहिल्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि कपडे बदलायला पडदा. पँट आखूड करणे, ब्लाउज सैल करणे, फॉल-पिको. माझं माहेर केडगाव, सासर तळेगाव ढमढेरे. तळेगावहून रोज जीपने येते. जीपमध्ये एवढं दाटीवाटीने बसवतात आणि वर एवढं ऐकवतात की दुकानात पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं माझं बोलणं तिरकं वाटलं तर कोणी मनावर घेऊ नये.

मॉल नवा होता तेव्हा जागा मागायला गेले. तळमजल्यावर मधोमध बाकड्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, पैरण, टोपी आणि तो टॉवेल. मला वाटलं मालकाचे कोणी पाहुणे असतील. त्यांनी टॉवेल फटकारला, मला बसवलं, आणि दुकान कसलं, कशाचं, काही न विचारता गाव विचारलं. केडगाव म्हटलं. कुणाची, म्हणाले. वडलांचं नाव सांगितलं. त्यांनी जरा वेळ डोळे मिटले.

"विहिरीच्या अंगाला बाभळ हाय, त्येच रान न्हवं? बसलोय की तिथं."

आमच्या रानात हा माणूस कशाला येऊन बसला असेल, मला काही उमजेना. संध्याकाळी वडलांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. आप्पांचं घराणं मेंढपाळांचं. आजा, बाप आणि लहानपणी आप्पाही मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. आपल्याकडचे जुने शेतकरी त्यांना बोलावून घ्यायचे आणि रानात मेंढरं बसवायचे. म्हणजे जाळी लावून कळप काही रात्री एकाच जागी बसू द्यायचा. लेंड्या, मूत, सगळं जमिनीत जिरायचं. शेतकरी मेंढपाळाला धान्य द्यायचा, कळप उठून पुढच्या गावाला जायचा आणि त्या वर्षी त्या तुकड्यात पीक असं यायचं की बघत राहावं. वडील म्हणाले, त्या लोकांनी आपल्याकडं मेंढरं बसवली होती, खरंय. मला जागा मिळाली ती या ओळखीवर. अनामत नाही, करार नाही. बाभळ पुरली.

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "काय केडगाव, आज उशीर?" असं विचारायचे. सगळ्यांचंच तसं. मोबाइलवाला पोरगा म्हणजे पाबळ, चपलांच्या दुकानातली बाई म्हणजे न्हावरं. एकदा पुण्याहून कोणी मोठे बँकवाले आले, त्यांनाही गाव विचारलं. ते म्हणाले, पुणे. आप्पा म्हणाले, ते झालं हो, पण गाव? बँकवाल्यांना शेवटी आजोबांचं गाव आठवावं लागलं.

आता मॉलच का, हे सांगते. रस्ता रुंद झाला, कारखाने आले आणि आप्पांच्या घराण्याच्या वाट्याला आलेला खडकाळ माळ, जो दुसऱ्या कोणालाच नको म्हणून यांच्याकडे राहिला होता, त्याला सोन्याचा भाव आला. बाकीच्यांनी आपापल्या माळावर कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या ओढल्या. आप्पांना त्यांच्या थोरल्याने एकदा पुण्याला मॉल दाखवायला नेलं. हा थोरला डिप्लोमा झालेला, जीन्स आणि कॉलरचा टी-शर्ट घालणारा, स्वभावाने सरळ. त्याच्या मनात होतं, बापाने जग बघावं. बाप दिवसभर त्या मॉलमध्ये फिरला आणि त्याचे पाय दुखले. बसायला जागा नव्हती. होती तिथं आधी कॉफी घ्यावी लागत होती. आप्पा घरी आले आणि म्हणाले, "येवढी माणसं येत्यात आन् बसवत न्हाईत. समदं वाया चाललंय." त्यांनी मॉल बांधायला घेतला तो या हळहळीपोटी.

नकाशात मधोमध कारंजं होतं. आप्पांनी तिथं गोल बाकडी करून घेतली, लाकडाची, टेकायला पाठ असलेली. आर्किटेक्ट रुसला. आप्पांनी त्याला बाकड्यावर बसवून बघितलं, तरी त्याचा रुसवा गेला नाही.

उद्घाटनाला पंचक्रोशी लोटली. निमंत्रण लग्नासारखं गेलं होतं, त्यामुळे लोकही लग्नासारखे आले, टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन. बिरोबाच्या नावाने सरकत्या जिन्यावर भंडारा उधळला. मग आप्पांनी पहिल्या पायरीवर नारळ फोडला. जिना चालूच होता. करवंटीचा तुकडा पायरीच्या दातांत गेला, जिन्याने एक आवाज काढला आणि तो थांबला. पुण्याहून मेकॅनिक येईपर्यंत पाहुणे त्या जिन्यावरच बसून राहिले. आप्पा फार समाधानी दिसत होते.

सुरुवातीला दुकानं भरलेली होती. कपडे, चपला, मिक्सर-फ्रिज, मुलांचे गेम, वर पिझ्झा. थिएटर येणार होतं. ते शेवटपर्यंत येणारच होतं. आप्पा सकाळी दारं उघडली की मधल्या बाकड्यावर येऊन बसायचे आणि आत येणाऱ्याचं स्वागत करायचे. इथंच सगळी गोम होती. ते गिऱ्हाइकाला पाहुणा समजायचे, आणि पाहुण्याला खर्चात पाडायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत.

माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे. एक बाई मिक्सर घ्यायला आली. आप्पांनी बसवलं, चहा सांगितला, विचारलं की घरचा बिघडलाय का? बाई म्हणाली, बिघडला नाही, आवाज करतो. मग तो दुरुस्तीला द्या की, कशाला उगं नवा, असं म्हणून आप्पांनी तिला रांजणगावच्या एका दुरुस्तीवाल्याचा पत्ता दिला. बाई चहा पिऊन समाधानाने घरी गेली. मिक्सरवाला काचेच्या आत उभा होता. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही.

मी खाली जाऊन बोलले. मला राहवत नाही. म्हटलं, आप्पा, हे काय चालवलंय, अशानं गिऱ्हाईक पळेल. ते शांतपणे म्हणाले, पळतंय कुठं, बसलंय की. मी हात टेकले.

त्यांचं एक गणित होतं. माणूस बसलं की जागा पिकते. रानाचं जसं तसं. लोक येऊ द्या, बसू द्या, हसू द्या, भांडू द्या, त्यातून आपोआप काहीतरी उगवेल. काय उगवेल, ते त्यांनाही माहीत नव्हतं. थोरला बिचारा कॉम्प्युटरवर आकडे मांडून बसायचा आणि डोक्याला हात लावायचा. शेवटी त्याने पुण्याहून एक सल्लागार आणला. सल्लागार भला माणूस होता. त्याने तिन्ही मजले हिंडून बघितले आणि सांगितलं, ही बाकडी काढा. बसलेला माणूस खरेदी करत नाही. थोरल्याने रातोरात, म्हणजे आप्पा घरी गेल्यावर, बाकडी पार्किंगमध्ये नेऊन ठेवली.

सकाळी आप्पा आले. बाकडी नाहीत हे बघितलं, टॉवेल फरशीवर अंथरला आणि मांडी घालून बसले. मग बाजार करून तळेगावला परत निघालेल्या दोन म्हाताऱ्या येऊन त्यांच्याशेजारी बसल्या. मग आणखी कोणी. दुपारपर्यंत त्या चकचकीत फरशीवर अशी बैठक जमली होती की बाहेरून बघणाऱ्याला आत कीर्तन आहे असं वाटावं. कोणीतरी फोटो काढून सगळीकडे पाठवला. संध्याकाळी बाकडी परत आली.

सल्लागाराचं चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. दुकानं खरंच जायला लागली. त्याला आप्पांची बाकडी जितकी कारण, त्याहून जास्त फोन. लोक बाकड्यावर बसायचे, मिक्सरवाल्याकडे जाऊन मिक्सर हाताळायचे, परत बाकड्यावर येऊन फोनवरून तोच मिक्सर मागवायचे. कपड्यांच्या दुकानात काउंटरवर बसणारी मुलगी स्वतःचे ड्रेस ऑनलाइन मागवायची आणि पार्सल दुकानाच्या पत्त्यावर घ्यायची. तिथं कोणी तरी कायम हजर असतं, म्हणून. आधी पिझ्झा गेला, मग गेम, मग कपडे. मिक्सरवाला जाताना आप्पांच्या पाया पडला. आप्पांनी त्याला बसवलं. तो बसला, रडला आणि गेला.

माझं काम तेवढं वाढलं. फोनवरून पँट येते, पण ती कोणाच्या पायाच्या मापाने येत नाही. बाकडीवाले पार्सल फोडायचे, घालून बघायचे आणि वर माझ्याकडे यायचे. मॉल माझ्या आजूबाजूने रिकामा होत चालला होता आणि मला जेवायला सवड नव्हती. यात आनंद मानावा की कसं, मला समजत नव्हतं.

विजेचं बिल झेपेना म्हणून एसी बंद केला. काचेची पेटीच ती, उन्हाळ्यात आत उकडून निघायला व्हायचं. आप्पांनी वरच्या अंगाच्या काचा उतरवून घेतल्या. वारा यायला लागला, वाऱ्याबरोबर पारवे आले. दाराशी पाण्याचे माठ ठेवले. सरकता जिना कायमचा थांबला. बंद पडला तरी तो जिना म्हणून चालतो, तेवढं एक बरं.

आणि लोक येतच राहिले. हे मला कळायचं नाही. घ्यायला काही नाही आणि बाकडी भरलेली. तळेगावच्या म्हाताऱ्या, पेन्शनवाले, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. एक बिहारचा कामगार रोज सकाळी यायचा. कारखान्यात रात्रपाळी. ज्या खोलीत तो राहायचा तिथं माणसं जास्त आणि जागा कमी, पाळीपाळीनं झोपायचे. त्याची पाळी दुपारी. तोवर तो बाकड्यावर बसून पेंगायचा. एकदा वॉचमनने त्याला काठीने ढोसलं. आप्पा एवढे चिडलेले मी पहिल्यांदा आणि शेवटचे बघितले. काठी हातातून घेतली आणि म्हणाले, "बसल्यालं मेंढरू कधी उठवत न्हाईत. आपुन उठंल. माणसाला तरी कशाला उठवतो?" मग त्या कामगाराकडे वळून त्यांच्या हिंदीत, "बैठो, बैठो. घाई क्या है?" त्याला 'घाई' म्हणजे काय ते कळलं की नाही कोण जाणे, पण पुढं तोही दुसऱ्यांना तसंच म्हणायला लागला.

मग हळूहळू एकेक जण आला. आधी एक दातांचा डॉक्टर. त्याला लोकांना बसवून ठेवायला जागा हवी होती आणि इथं तर माणसं आधीच बसलेली. मग एक न्हावी. मग कारखान्यात जाणाऱ्या बायकांची पोरं सांभाळणारी एक बाई. मग कसल्या कसल्या परीक्षांचा क्लास. दात, केस, पोरं, मापं. मशीनवर बसल्याबसल्या माझ्या लक्षात आलं की जे फोनवरून घरी येत नाही तेवढंच आता इथं येतंय. मी आप्पांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, न्हाव्याचं गाव कुठलं?

पण ही एवढी चार-पाच दुकानं. तीन मजल्यांत ती कुठं दिसणार? थोरल्याच्या मानेवर कर्जाचं जू होतंच. त्याच सुमाराला गोदामवाले आले. ज्यांची पार्सलं आमची बाकडीवाली माणसं फोडत होती, त्यांनाच माल ठेवायला रस्त्याकडेची मोठी इमारत हवी होती. अख्खी घेणार, तळमजल्यावर ट्रकसाठी दारं पाडणार, आत फक्त त्यांची माणसं. बाकडी अर्थातच नाहीत. थोरल्याला हे दरवाजे उघडल्यासारखं वाटलं. मला विचाराल तर मलाही त्याचं चुकलं असं वाटलं नाही.

बापलेकांचं बोलणं माझ्या दुकानात झालं, कारण पंखा तेवढा माझ्याकडे होता. थोरला नीट बोलला, आवाज न चढवता. आप्पा, तुमचं बसवून झालं, इतकी वर्षं माणसं बसवली, काय पिकलं? घर पोटाला चिमटा घेऊन चालवतोय आपण. आप्पा बराच वेळ आरशात बघत होते. आरसा माझा, गिऱ्हाइकाची पँट बघायचा. त्यात ते स्वतःचं धोतर बघत होते.

"मी हाय तवर कुणाला उठवू नगंस," ते म्हणाले. "माझ्या मागं तुला पटंल ते कर. मी काय बघाया येनार न्हाई."

थोरला मान हलवून निघून गेला. त्याने शब्द दिला होता, आणि तो पाळणारा होता. आप्पा तिथंच बसले. मशीनच्या टोकाला पडलेला खडू त्यांनी उचलला, खाली ठेवला. मग मला विचारलं, "केडगाव, तू सांग. पिकंल का गं हितं काय?"

मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "आप्पा, मला तरी दिसत न्हाई."

ते हसले. त्यांना राग आला नाही, उलट बरं वाटल्यासारखं झालं. "आमाला तरी कुठं दिसायचं?" ते म्हणाले. "मेंढरं उठली की आमी म्होरल्या गावाला. पीक येतंय तवर आमी कुठच्या कुठं. तुझ्या बापाच्या रानात जवारी कशी आली, मला आजवर ठावं न्हाई. कशी आली हुती गं?"

तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला काय माहीत? पण मी म्हटलं, चांगली आली होती. लई चांगली. ते "झालं मग" म्हणाले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि जिना उतरून खाली गेले.

दिवाळीनंतर त्यांचं येणं कमी झालं. छातीचं दुखणं होतं, दवाखान्यात ठेवलं, घरी आणलं, परत ठेवलं. आमच्याकडे सकाळी वॉचमन दारं उघडायचा. बाकड्यांवर माणसं यायची, पण मधल्या बाकड्याच्या टोकाला, जिथं आप्पा बसायचे, तिथं कोणी टेकायचं नाही. मी येताजाता ती जागा बघायचे आणि माझं डोकं फिरायचं. का फिरायचं, सांगता येत नाही. एकदा वाटलं, खाली जाऊन आपणच तिथं बसावं. गेले नाही.

आणि एके सकाळी जीपमध्येच कळलं की आप्पा गेले. मी उतरले ते सरळ दुकानात गेले आणि मशीनवर डोकं ठेवून रडले. आप्पा मला फार आवडायचे. वडील लांब केडगावला, सासरे लग्नाआधीच गेलेले, आणि रोज माझं गाव माझ्या तोंडावर मारून मला हाक मारणारा हा एवढा एकच माणूस होता.

आपल्याकडे माणूस गेलं की लोक घरी जाऊन बसतात. आप्पांचं घर मॉलच्या मागं, पण नातेवाईक सोडले तर ते कोणाला माहीत? बाकड्यांवरच्या लोकांनी आप्पांना बाकड्यावरच बघितलेलं. तो बिहारचा कामगार सकाळी वर आला आणि त्यांचं घर कुठं म्हणून विचारायला लागला. मी सांगितलं, मागंच आहे, जा. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, वहाँ तो कभी गए नहीं, आणि खाली जाऊन त्याच्या नेहमीच्या जागी बसला. तसेच बाकीचे. तळेगावच्या म्हाताऱ्या, दातवाले डॉक्टर, क्लासची मुलं. दुसऱ्या दिवशी पाबळचा मोबाइलवाला आला, त्याचं दुकान जाऊन कितीतरी दिवस झाले होते. मिक्सरवाला आला. दुरुस्तीला पाठवलेली ती मिक्सरवाली बाईसुद्धा आली. बाकडी पुरेनात, लोक थांबलेल्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसले.

थोरल्याला घरी हे कळलं. त्याच्या घरी मोजके पाहुणे आणि बापाला भेटायला आलेली माणसं सगळी इकडे. तो सुतकात होता. अनवाणी, दाढी वाढलेली, खांद्यावर पांढरा टॉवेल. त्याच्या खांद्याला टॉवेलची सवय नव्हती, तो सारखा घसरत होता. तो येऊन लोकांमध्ये उभा राहिला. काय करावं त्याला सुचेना. आप्पांचं टोक रिकामं होतं, तिथं तोही बसला नाही.

त्याच वेळी गोदामवाले आले. ही भेट आप्पा दवाखान्यात असतानाच ठरलेली होती. इमारत नुसती बघून घ्यायची, पुढचं पुढं, असं. गडबडीत त्यांना कळवायचं राहून गेलं होतं. एक साहेब आणि मापाचा टेप घेतलेला एक माणूस. चौकात अडकून वैतागून आलेले. आत आले आणि एवढी माणसं गप्प बसलेली बघून आपसूक हळू बोलायला लागले. साहेबांनी विचारलं, इथं कुठलं ऑफिस आहे का? थोरला म्हणाला, ऑफिस नाही. मग हे कोणासाठी थांबलेत? थोरल्याने एकदा सगळीकडे नजर फिरवली.

मी वर मशीनवर होते. माझ्या जागेवरून कठड्याच्या फटीतून खालचं सगळं दिसतं, ऐकूही येतं. एका गिऱ्हाइकाची पँट खडूने खुणा करून पुढ्यात घेतली होती, हातात कात्री. आता काय होणार ते मला माहीत होतं. थोरला वाईट माणूस नव्हता, शब्द पाळून मोकळा झालेला होता. बाप होता तोवर त्याने कोणाला उठवलं नाही. आता बाप नव्हता.

साहेबांनी टेपवाल्याला थांबायची खूण केली आणि साधेपणाने विचारलं, "हे लोक कधीपर्यंत उठतील?"

थोरल्याने खांद्यावरून घसरणारा टॉवेल काढला. मधल्या बाकड्याच्या रिकाम्या टोकावर दोनदा फटकारला.

"बसा," तो म्हणाला. "आमच्यात बसल्याल्याला उठवत न्हाईत."

साहेब बसले. दुसरं काय करणार? टेपवाला जिन्याच्या पायरीवर बसला. चहा आला. साहेबांना थोरल्याने गाव विचारलं. गोदाम पुढं सणसवाडीच्या अंगाला कुठंतरी झालं म्हणतात.

तो फटका वरपर्यंत ऐकू आला होता. डोळे खाली आणि कात्री कापडावर, असं कधी करू नये. माझ्या हातून पँट दोन बोटं जास्त कापली गेली. ज्याची पँट, तो पडद्यातून बाहेर येऊन कठड्याशी उभा राहिला होता. मी त्याला सांगितलं, पँट आखूड झाली म्हणून. तो खाली बघत राहिला आणि म्हणाला, असू द्या.